न वाचणारा वाचक

“आई, हा पत्ता आता काढू या,” लेक म्हणाली आणि तिने लॅपटॉप आईकडे वळवला.

कोणता पत्ता ते बघायची आईला गरज नव्हती. तिने तोंडात धरलेल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. “राहू दे की. तुला काय त्याचं ओझं होतंय?”

“मला नाही, आपल्या न्यूजलेटरला होतंय. पाठवलेलं कुणी उघडतच नसेल तर मेलवाल्यांना वाटतं, हा सगळा कचराच आहे. मग वाचणाऱ्यांकडेही ते स्पॅममध्ये जातं. शेजारच्या काकूंचं गेलं की नाही?”

गेलं होतं. काकूंनी त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं.

न्यूजलेटरचं खूळ लेकीचंच. आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. बोटांच्या सांध्यांनी दगा दिला तेव्हा ते बंद झालं. आता ती घरचं तेवढं शिवायची आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघत बसायची. शेवटी लेकीने तिला टेबलाशी आणून बसवलं. “व्हिडिओ टाकलेस तर ते कुणाला दाखवायचे हे ती कंपनी ठरवणार. मेल थेट माणसाकडे जातो. तू बोलतेस तसं लिही, बाकीचं मी बघते.”

सुरुवातीला वाचक म्हणजे लेक, बाबा, काकू आणि काही जुनी गिऱ्हाइकं. आईने स्वतःहून एकच पत्ता दिला, मुलाचा. लेकीचे हात कीबोर्डवर थांबले. मग तिने तो मुकाट्याने घातला.

दर रविवारी सकाळी अंक जायचा. अडकलेली झिप कशी सोडवायची, खिशाला भोक पडलं तर ठिगळ कुठून सुरू करायचं. लोकांना आवडलं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, नावं वाढत गेली, आणि कुठल्या कुठल्या शहरांतल्या बायका फाटक्या पडद्यांचे फोटो पाठवायला लागल्या. आईची कळी खुलायची. पण अंक गेला की ती आधी एकाच नावापुढे बघायची. तिथे नेहमी तेच असायचं: उघडलं नाही.

“मेलमधले फोटो बंद ठेवले असतील तर उघडलेलं कळत नाही, असं म्हणालीस ना तू?”

“आई, तो वाचणार नाहीये.”

“माहीत आहे मला. एवढी खुळी नाहीये मी.”

माहीत होतंच तिला. तरी प्रत्येक अंक ती त्यालाच सांगितल्यासारखा लिहायची. तो घरातून निघाला तो बापाशी कडाक्याचं भांडून. मध्ये पडायचं सोडून तीही म्हणाली होती, “जायचं तर जा.” त्याच्याशी तिचं ते शेवटचं बोलणं. ते अजून तिच्या जिवाला कुरतडत होतं.

बाबा तर त्याचं नावही काढत नसत. एके काळी अख्ख्या गल्लीला हसवणारा हा माणूस. आता विषय निघाला की चपला घालायचा आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून यायचा.

“एक पद्धत असते,” लेक समजुतीने म्हणाली. “काढून टाकण्याआधी असल्या सगळ्यांना एक शेवटचा मेल पाठवायचा. हवं असेल तर इथे दाबा, नको असेल तर तिथे. काहीच दाबलं नाही, तर आपण काढायचं. तेवढं तरी करू दे.”

आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, “तो मेल मी लिहीन.”

तिने लिहिलं: ‘माझ्या मुलाचा एक निळा स्वेटर होता. शाळेत तो पडला आणि डावं कोपर फाटलं. तसली लोकर मिळेना, म्हणून मी लाल लोकरीने रफू केलं. आधी तो रुसला, मग दुसरा स्वेटर अंगाला लावून घेईना. तुम्हाला माझं लिहिणं नको असेल तर मी रागावणार नाही. पण सांगून जा.’

लेकीने ते वाचलं आणि नाक ओढत पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उत्तरं बघायला बसली. काकूंनी गोंधळून दोन्हीकडे दाबून ठेवलं होतं. लेक हसली, आणि हसता हसता एकदम थांबली.

“आई.” तिचा आवाज चिरकला. “दादाने बंद केलंय.”

आई हातातलं टाकून आली. त्या नावापुढे ‘अनसबस्क्राइब’ आलं होतं. खाली कारण विचारणारी चौकट असते, जिच्यात कुणी कधी काही लिहीत नाही. तिच्यात लिहिलं होतं: ‘उजवं कोपर होतं, डावं नाही. आता पाठवू नकोस.’

आईने ते पुन्हा पुन्हा वाचलं. उजवंच होतं. लिहिताना ते लाल रफू वहीवर घासायचं आणि तो कुरकुरायचा. हे या घराबाहेर कुणाला ठाऊक असणार? एवढं सगळं लक्षात ठेवून तो नकोच म्हणाला होता. तिला हुंदका आवरेना. लेक तिला घट्ट धरून बसली.

रडणं ऐकून बाबा दारात आले. स्क्रीनवरचं नाव त्यांना दिसलं, आणि ते सवयीने चपलांकडे वळले.

“थांबा,” आई म्हणाली. तिने उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. “आज नका जाऊ. अहो, त्या दिवशी शवागारात तुम्ही ज्याला ओळखलंत, तो आपला मुलगा नव्हता.”