मुलीकडचे

"जेवलीस का?" शबनमनं विचारलं.

फोनच्या पडद्यावर मेहजबीन हसली. "आत्ताच. भात आणि दाण्याचं कालवण. एकाच परातीत आम्ही सगळ्या बायका."

"आजही दाण्याचंच?"

"उद्याही तेच असणार."

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये हा फोन रोज संध्याकाळी व्हायचा. मेहजबीन एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी आफ्रिकेत, गांबियातल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून गेली होती. शबनमचा याला साफ विरोध होता. तिचा भाऊ आमीर समजूत घालायला वाघोलीहून मुद्दाम आला, पण मेहजबीननं त्याचंही ऐकलं नाही. शेजारच्या प्रियदर्शनीताईंनी तर जिन्यातच विचारलं होतं, "अहो, हे काय वय आहे का एकटीनं इतक्या लांब जायचं?" पुण्यात असले प्रश्न जिन्यातच विचारतात, घरात बोलावलं तर चहा करावा लागतो.

तिकडे मेहजबीनचा दिवस पहाटेच्या अजानला सुरू व्हायचा. आधी हापशावरून पाणी. तिथल्या मुली भरलेला टब डोक्यावर घेऊन हात न लावता चालत. मेहजबीननं एकदा तसं करून पाहिलं आणि डोक्यापासून पायापर्यंत भिजली. मग आंब्याच्या झाडाखाली शिवणाचा वर्ग. तिचं मोडकंतोडकं इंग्रजी गावच्या भाषेत सांगायला शाळेतले लामिन मास्तर शेजारी बसायचे. सुईत दोरा ओवण्यापासून सुरुवात केलेल्या त्या बायका आता शाळेचे गणवेश शिवत होत्या.

गावाची एक रीत तिला फार आवडायची. रस्त्यात कुणी भेटलं की आधी घर कसं आहे, पोरं कशी आहेत, शेत कसं आहे, सगळं विचारायचं, मगच कामाचं बोलायचं.

"आपल्याकडे एवढ्या वेळात माणूस भांडून घरी गेला असता," मेहजबीन म्हणायची.

शबनम हसायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सगळं कौतुकानं सांगायची. आपला विरोध कधी मावळला, हे तिचं तिलाही कळलं नाही. पण वर्ष संपत आलं होतं. मेहजबीन घरी परत येणार, या एका आशेवर ती होती.

अशात त्याच संस्थेत काम करणारा धायरीचा सुदर्शन सुट्टीवर आला. त्यानं एक पुडकं आणून दिलं. "लामिन मास्तरांनी घरच्यांसाठी दिलंय. कोला म्हणतात," एवढंच सांगून तो गेला. आत पानांत गुंडाळलेल्या तांबूस बिया होत्या, सुपारीपेक्षा मोठ्या. शबनमनं त्या फोडल्या, आमीरला दिल्या, बिल्डिंगमध्ये वाटल्या.

प्रियदर्शनीताईंनी एक तुकडा चावला. "छान आहे. पुढच्या वेळी आम्हाला वगळलंत तरी राग नाही."

संध्याकाळी शबनमनं फोनवर हे रंगवून सांगितलं. मेहजबीन हसली नाही.

"वाटलंस? सगळ्यांना?"

"हो."

"आमीरनं खाल्लं?"

"तोंड वाकडं करून. का गं?"

मेहजबीननं ओढणी सारखी केली. "इकडे लग्नाची मागणी घालताना मुलीकडे कोला पाठवतात. मुलीकडच्यांनी तो वाटला, की होकार समजायचा. मास्तरांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, घरचे हो म्हणाले तरच."

शबनमनं फोन जवळ घेतला. "तुला हवंय का हे?"

"हवंय."

तिच्या तोंडून इतकं सरळ उत्तर शबनमनं आजवर ऐकलं नव्हतं.

आमीर ऐकताच भडकला. "चुकून वाटलं म्हणून कळवून टाक, विषय संपला. परका देश, परका माणूस. लोक तोंडात शेण घालतील."

त्याचं म्हणणं सोपं होतं. एक फोन केला की मेहजबीन परत आली असती, पुन्हा या घरात, खिडकीजवळच्या मशीनवर. अब्बा गेल्यापासून तिथं मान मोडून ती लोकांचे कपडे शिवायची. काय हवं विचारलं की म्हणायची, "मला काय, तुम्ही म्हणाल ते." शबनमला ते आठवलं आणि रडू आलं. तिला मेहजबीनचा अभिमान वाटत होता आणि ती दुरावणार याचं दुःखही होत होतं, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी तिनं लामिन मास्तरांना व्हिडिओ फोन लावला. त्यांनी सावकाश, एकेक करून विचारलं. ती कशी आहे, भाऊ कसा आहे, शेजारी कसे आहेत, ऑफिस कसं आहे. शबनमनं अस्सल पुणेकर असूनही प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं.

मग मास्तर म्हणाले, "तुमच्याकडून ते चुकून वाटलं गेलं, असं कळलं. चुकीचा होकार आम्ही धरत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी आमच्या मनात काही राहणार नाही."

"तेव्हा चूक झाली होती," शबनम म्हणाली. "आज विचार करून सांगते. मुलीकडून होकार आहे."

"आणि तुमचे भाऊ?"

"त्याची समजूत मी काढते. ती जबाबदारी माझी."

मास्तरांनी छातीवर हात ठेवला. मग त्यांनी संकोचत विचारलं, "निकाहाला याल ना तुम्ही? मुलीकडचं कुणीतरी हवं."

"येणार तर," शबनम डोळे पुसत म्हणाली. "अम्मीची पाठवणी लेकीनं नाही करायची, तर कुणी करायची?"