लळिंगची अर्धी कादंबरी

भूमिका धुळ्याहून एरंडोलला आली ती एका जुन्या बाडासाठी. त्र्यंबक वाणी या कादंबरीकाराचं चरित्र ती लिहीत होती. मास्तरकी करता करता त्यांनी तीन ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि लळिंग किल्ल्यावरची चौथी अर्धी टाकून १९०९ साली ते प्लेगात गेले.

त्यांचे पणतू पुनाआबा यांनी भर दुपारी बाड टेबलावर आणून ठेवलं. भूमिका खुर्चीत बसून पानं उलटू लागली.

सुरुवातीचे कागद तपकिरी, हात लावताच मोडणारे. पुढे शाळेच्या वहीची पानं लागली. मग झेरॉक्सच्या दुकानात मिळतात तसले पांढरेशुभ्र कागद, तेही शाईनेच लिहिलेले. अक्षर मात्र पहिल्या पानापासून तेच, बारीक आणि उजवीकडे कललेलं.

भूमिकाने मान वर केली. "आबा, हे पुढचं कुणी लिहिलं?"

"त्यासनीच. आम्ही नुसता कागद आणी ठेवतस."

ती हसायला गेली, पण हसू फुटेना. शेवटच्या पानावरचं वाक्य मध्येच थांबलं होतं.

आबांनी घड्याळ पाहिलं, एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाले, "ऊठ माय, खुर्ची खाली कर. त्यासना लिखाना टाइम झाया."