दिवाळीत येणारं कार्ड

सन अठ्ठ्याण्णव. सांगलीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात दिवाळीत येणाऱ्या नव्या ग्राफिक्स कार्डावरून वाद पेटला होता. कुणी म्हणालं, जुन्याच्या दुप्पट पळेल. सौमित्र नावाचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "फुसका बार आहे, लिहून घ्या."

कराडात कॉम्प्युटर क्लास चालवणारा जयराज भडकलाच. "आरं गड्या, अजून खोकं उघडलं न्हाई, कार्ड मशीनला लागलं न्हाई, आन तू त्याला निकामी ठरवून मोकळा? आधी येऊ तर दे! मग बघू काय करतंय ते."

"लाख बोललात, सर," दुकानदार म्हणाला.

कोपऱ्यातल्या स्टुलावर जयराजची बायको संयोगिता बसली होती. घरी दोन मुली होत्या, आणि सकाळी सोनोग्राफीत पोटातली तिसरीही मुलगीच निघाली होती. ती पाडायची म्हणून, दवाखान्याची वेळ होईपर्यंत दोघं इथं थांबली होती. नवऱ्याचं बोलणं ऐकून तिला धीर आला. ती हळूच म्हणाली, "आवं, मग हिलाबी येऊ द्या की."



जयराजनं कपड्यांची पिशवी तिच्या हातात दिली. "ऊठ. डॉक्टर खोळंबलाय."