पुसलेला चेंडू

एका वेबसाइटनं स्पर्धेसाठी फुटबॉलच्या फोटोतला चेंडू पुसून टाकला होता. तो जिथं असेल तिथं फुली मारायची. सर्वांत जवळच्या फुलीला बक्षीस स्कूटर. मी आडव्या पडलेल्या गोलकीपरच्या हाताशी मारली.

“अगं, चेंडू मागं जाळीत गेलाय,” पप्पा म्हणाले. एके काळी कोल्हापुरात तेही गोलकीपर होते. “त्याची नजर बघ की. गोल झाला की गोलकीपर चेंडूकडं नाही, पब्लिककडं बघतो.”

मी फुली जाळीत सरकवली.

स्कूटर आली. पहिल्या फेरीला पप्पाच मागं बसले. ज्या फायनलनंतर त्यांनी खेळ सोडला, तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. रस्त्यावरची नजर न काढता मी विचारलं, “त्या फायनलला तुम्ही कुणाकडं बघितलं?”

“तुझ्या आजोबांकडं,” ते म्हणाले. “उठून निघाले होते.”