पाचवा चौकोन

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. परक्या देशातल्या टपाल कचेरीत उभे आहात आणि टाचा उंचावल्याशिवाय तुम्हाला काउंटरवरचं काही दिसत नाही. तिथली भाषा शाळेमुळे तुम्हाला येते, आईला येत नाही. म्हणून दवाखान्यात, घरमालकाकडे, टपालात, जिथे जिथे बोलायचं असतं तिथे आई तुम्हालाच पुढे करते.

झाली कल्पना करून? मग आता मैनाकडे बघा. हे तिचं खरं नाव नव्हे. दोन्ही भाषा घडाघडा बोलते म्हणून आईनेच ते पाडलं होतं.

आईच्या काखेत मायदेशी आजीला पाठवायचं नवं पार्सल होतं. हातात काल दाराखालून आलेली चिठ्ठी होती: तुमच्या नावाने एक पार्सल आलं आहे, येऊन घेऊन जावं.

"आजीनेच पाठवलंय काहीतरी," आई म्हणाली. "फोनवर यायला सवड नाही बाईसाहेबांना, पार्सल करायला बरी मिळाली."

"मामा म्हणतो ना, तिला ऐकू येत नाही म्हणून."

"मामाचं काय ऐकतेस! कधी झोपलीय म्हणतो, कधी ऐकू येत नाही म्हणतो. दोन महिने हेच चाललंय. परवा तर मलाच म्हणाला, तुला इकडे यायला जमत नाही, मग कशाला सारखी चौकशी करतेस?" आईने नाक मुरडलं आणि लगेच हसली. धुलाईखान्यातली तिची पाळी दहाला सुरू व्हायची होती, तरी आज तिची घड्याळाकडे नजर नव्हती.

काचेपलीकडच्या कारकूनबाईंनी चिठ्ठी घेतली, आत गेल्या आणि एक खोका घेऊन आल्या.

खोका पाहताच आईचं हसू मावळलं. एका कोपऱ्याला चिकटपट्टी दोनदा गुंडाळलेली होती. ती तिनेच गुंडाळली होती. आत काय आहे तेही तिला पाठ होतं: गुडघ्यांवर चढवायचे लोकरी पट्टे, शेकायची रबरी पिशवी आणि मऊ तळाच्या चपला. चपलांसाठी आजीने कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती आणि तो कागद पाकिटातून पाठवला होता.

"हे तर आपलंच," आई म्हणाली. "विचार गं, परत का आलं?"

मैनाने विचारलं. बाईंनी खोका फिरवला. त्यावर एक छापील चिठ्ठी डकवलेली होती. तिच्यावर पाच चौकोन होते आणि प्रत्येकापुढे एकेक कारण. पत्ता अपुरा, घर बंद, पार्सल नाकारलं, असं एकाखाली एक. खूण पाचव्या चौकोनात होती. बाईंनी त्यापुढचा शब्द मोठ्याने वाचला. कचेरीच्या कागदांवर असतो तसला लांबलचक शब्द.

"हा मला येत नाही," मैना म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून खाली पाहिलं. "बरोबर कुणी मोठं नाही का?"

"आई आहे. पण तिला तुमची भाषा येत नाही."

बाईंनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे बघून हसली, भाषा येत नसली की माणसं हसतात तशी. मग बाई काचेच्या फटीशी वाकल्या आणि त्याच अर्थाचा सोपा शब्द हळूच म्हणाल्या. तो मैनाला येत होता. वर्गातला मासा मेला, त्या दिवशी सगळ्या वर्गाला तो आला होता.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

मैनाच्या तोंडून निघून गेलं, "पत्ता चुकला म्हणे."

"पत्ता? तूच लिहिला होतास ना? दहादा सांगते, सावकाश लिही, सावकाश लिही! तिथे ती बिचारी गुडघे धरून बसलीय आणि इथे आमच्या राणीसाहेबांची अक्षरं शर्यत लावून पळतायत. घे पेन. आधी ह्या नव्या पार्सलावर लिही. मी सांगते एकेक."

मैनाने आजीचं नाव लिहिलं. आडनाव लिहिलं. आई घराचा नंबर सांगत होती, गल्ली सांगत होती, मध्येच "तो सात नीट काढ" म्हणत होती. इतकं सुबक अक्षर मैनाने परीक्षेतही काढलं नव्हतं.

बाईंनी पार्सल काट्यावर ठेवलं, नाव वाचलं आणि ते परत बाहेर सरकवलं.

"हे मला घेता येणार नाही, बाळ. तेच नाव आहे. हेही परत येईल." त्या पुन्हा फटीशी वाकल्या. "तू आईला सांगितलं नाहीस?"

मैनाने नकारार्थी मान हलवली.

रांगेत मागे कुणीतरी मुद्दाम खाकरलं.

"आता काय झालं?" आईने तिचा दंड हलवला. "अगं बोल की! माझी पाळी बुडेल. दातखीळ बसली का तुझी?"

मुलांनो, तुम्ही काय केलं असतं? उत्तराची घाई करू नका. मैनानेही केली नाही.

तिने पेनाला टोपण लावलं. भिंतीशी एक बाक होतं, त्यावर कुणाचीतरी छत्री पडली होती. ती तिने उचलून जमिनीवर ठेवली. मग परत येऊन आईचा हात धरला आणि तिला बाकापर्यंत नेलं.

"आई," ती म्हणाली, "तू आधी खाली बस."