हिरवा फड

प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या प्लेटमधले बारीक खळगे तिच्या डोळ्यांदेखत एकेक करून पिवळे होत गेले. पिवळा रंग म्हणजे पानात विषाणू. तपासणी तिने दुसऱ्यांदा लावली होती. पहिल्या वेळी वाटलं, पानांची अदलाबदल झाली असेल. पण निरोगी पानाचा खळगा पाण्यासारखा स्वच्छ होता. चूक कुठेच नव्हती. सगळ्यांत गडद पिवळा रंग दादाच्या उसाने दिला होता.

दादा तिचा थोरला भाऊ. नव्या जाती रोगापुढे टिकतात का, हे बघायला तिच्या संशोधन केंद्राने त्या त्याच्याच रानात लावल्या होत्या. बाकीच्या गेल्या, एक टिकली. आसपासचा ऊस मधल्या शिरेपासून पिवळा पडत वाळला, कांड्या बोटाएवढ्या राहिल्या. दादाचा फड मात्र हिरवागार. ज्यांनी त्याला कधी खिजगणतीत धरलं नव्हतं, तेही बेण्यासाठी, लावणीच्या कांड्यांसाठी, त्याच्या दारात येऊन बसू लागले. आणि आज दुपारी ते बेणं वाटायचं होतं.

तिने फोन लावला. दादा उचलेना. मग तिने स्कूटर काढली. रोग तिच्या रोजच्या ओळखीचा होता. धास्ती होती ती माणसांची. फवारा लागू पडला नाही म्हणून मागच्याच आठवड्यात लोकांनी औषधवाल्याचं दुकान फोडलं होतं. सगळ्यांच्या पुढे होता पैलवान, दादाचा बांधाशेजारी. त्याचा ऊस तर चुलीत घालायच्या लायकीचाही उरला नव्हता.

ती पोहोचली तेव्हा तोडणी सुरू झालेली. बांधावर ट्रॅक्टर लागले होते, कोयते चालले होते. पैलवान दादाच्या खांद्यावर हात टाकून उभा होता आणि दादा हसत होता. वडील गेल्यापासून त्याला असं मोकळं हसताना तिने पाहिलं नव्हतं. तिने त्याला ओढतच पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे नेलं.

"तोडणी थांबव, दादा. या उसात रोग आहे."

"काहीतरीच काय. पान बघ की."

"पानावर दिसत नाही. हा ऊस स्वतः आजारी पडत नाही, पण रोग पोटात बाळगून आहे."

अशा उसावर बसलेला मावा हा बारीक किडा उडून शेजारच्या रानात जातो आणि रोगही सोबत नेतो. हे तिला सांगायचं नव्हतं. निदान आज तरी नाही.

"लोकांना सांग, केंद्राने बेणं अडवलं," ती घाईने म्हणाली. "शिव्या आम्हाला बसू देत. बाकीचं नंतर बघू."

दादाने हाताशी आलेलं पान धरून उलटं केलं. मागच्या बाजूला मावा दाटीवाटीने चिकटला होता. मग त्याची नजर बांधापलीकडे गेली.

"पैलवानाचा ऊस आधी या बांधाकडूनच पिवळा पडायला लागला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "नाही का गं?"

तिने मान खाली घातली. दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"बोलू नकोस," तिने त्याचं मनगट धरलं. "कोयते आहेत त्यांच्या हातात."

त्याने तिची बोटं सोडवली आणि तो चालू लागला. ती मागून धावली, पण तोवर तो ट्रॉलीवर चढला होता.

"बेणं कुणी न्यायचं नाही," तो म्हणाला. "ज्यांनी भरलंय त्यांनी खाली टाका. हा ऊस वरून हिरवा, आतून रोगट. तुमच्या रानांत रोग माझ्याच फडातून आलाय."

कोयते थांबले. एक ट्रॅक्टर तेवढा धडधडत होता, तोही कुणीतरी बंद केला. पैलवान गर्दीतून पुढे आला. कोयता त्याच्या हातातच होता. ती मध्ये जाऊन उभी राहिली. पैलवानाने तिला एका हाताने बाजूला केलं.

"तुला कधी कळलं?" त्याने दादाला विचारलं.

"आत्ता."

"आत्ता म्हणजे?"

"ही आली तेव्हा. तिथं, खोलीमागे."

पैलवानाच्या गालाची शीर उडत होती. दादा खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिला. मागे सरला नाही.

पैलवान गर्दीकडे वळला. "कोयते ठेवा खाली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कुदळी आणा. हा ऊस मुळासकट काढावा लागणार."