जखमी एल्क कुठे जातो

प्रल्हादकाकांची गोळी सुटली तशी रेणू उठून धावायला लागली. त्यांनी तिचं शिकारीचं नारंगी जॅकेट मागून धरून तिला खाली ओढलं.

"बस खाली! अगं, लगेच मागे नाही धावायचं."

"पण काका, लागलीय त्याला. रक्त दिसतंय."

"म्हणूनच. मागे कोणी येतंय असं वाटलं ना, की जखमी एल्क पार पलीकडच्या दरीत जातो. आपण बसून राहिलो तर जवळच कुठेतरी आडवा होतो. सगळे नवखे हीच मिस्टेक करतात."

रेणू बसली. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. जीव सहजासहजी सोडत नाही.

प्रल्हादकाका नागपूरहून खाणीतल्या नोकरीसाठी कोलोरॅडोत आले आणि इथलेच झाले. एल्क कुठे सापडतात हे इथे कोणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. नवख्याला तर मुद्दाम भलत्याच डोंगरावर पाठवतात आणि वर शुभेच्छाही देतात. काकांनी मात्र रेणूला आपल्या सगळ्या जागा दाखवल्या होत्या, कारण तिचा नवरा याच जंगलात हरवला होता.

गेल्या सीझनला कुश रेणूला घेऊन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून शिकारीला आला आणि परतलाच नाही. आपण डोकेदुखीने मोटेलवर पडून होतो, असं रेणूने शेरीफला सांगितलं. शोधपथकाने वाटा आणि कडे पालथे घातले, मग बर्फ पडलं. वसंतात रेणू सनीव्हेल सोडून इथेच राहायला आली. कुश एल्कच्या मागे गेला असणार, तेव्हा एल्कच्या जागा कळल्या की तोही सापडेल, असं तिचं म्हणणं. गावाला ते वेड वाटे. काकांना पटलं होतं. कुणा परक्या शिकाऱ्याच्या बुटाला लागण्याआधी तो तिला स्वतःला सापडायला हवा होता. त्या धास्तीने तिची झोप उडाली होती.

बऱ्याच वेळाने दोघं रक्ताच्या मागावर निघाले. एल्क उतारावर, झऱ्याकाठच्या दाट झाडीत पडला होता. अजून जिवंत होता. पाय झाडत होता आणि तोंडातून लाल फेस येत होता.

"तू संपव त्याला," काका म्हणाले.

रेणूने मानेत गोळी घातली. हात जरासुद्धा हलला नाही.

"नेम मस्त आहे गं तुझा! कोणी शिकवलं?"

"कुशने."

काकांनी पोट फाडलं. वाफाळती आतडी बाहेर ओघळली, हात कोपरापर्यंत रक्ताने भरले. रेणूने मागचा पाय धरून ठेवला होता, पण तिचं डावं मनगट नीट वळत नव्हतं. पाय निसटला.

"हाताला काय झालं?"

"जिन्यावरून पडले होते."

"सांभाळून गं. हे बघ, आधी सांधा शोधायचा. तो सापडला की सुरीला जोर लागत नाही."

रेणू नीट बघत होती. मग म्हणाली, "काका, समजा वरच्या कड्यावर गोळी लागली आणि कोणी मागे धावलं, तर कुठे जाईल?"

काकांनी सुरीच्या टोकाने दाखवलं. "त्या खिंडीपलीकडे. उतरणार पाण्याकडेच, पण पलीकडच्या ओढ्यात. वादळात पडलेली झाडं आहेत तिथे, माणूस शिरत नाही. एल्कसाठी बेस्ट जागा. माझ्या गुडघ्यांना आता झेपत नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "कुश तिकडे गेला असेल असं वाटतं तुला?"

"बघून येते."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली. काकांनी आपली सुरी दिली. नीलांबरीकाकूंनी थालीपीठं बांधून दिली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सापडू दे गं बाई एकदाचा," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

आडव्या खोडांखालून सरपटत रेणू ओढ्याशी पोचली. चिखलात एल्कचे ताजे खूर उमटले होते. काका खोटं बोलले नव्हते. ओढ्याच्या काठाला एका खोडाखाली विटलेलं नारंगी जॅकेट होतं आणि जॅकेटमध्ये हाडं.

तिला रडू आलं नाही. हायसं वाटलं, इतकं की ती तिथेच मटकन बसली.

मग तिने काकांची सुरी काढली. सांधा शोधून खांद्याचं हाड सुटं केलं, त्यात रुतलेली गोळी खणून काढली, ओढ्यात धुतली आणि खिशात टाकली.

काकांचं बरोबर होतं. गेल्या वर्षी ती लगेच मागे धावली नसती, तर कुश कड्याजवळच आडवा झाला असता.